आईची ओवी आणि फितीतली सूंसूं



या सदरात आपण नेहमी बियाण्याचं, खताचं, कीडरोगाचं बोलतो. या खेपेला विषय जरा वेगळा घेतला आहे. विषय आहे ऐकण्याचा. आता घरोघर मोबाइल झाले. कीर्तन, भारूड, गाणी, हवामानाचा अंदाज, सारं आपण त्यावरच ऐकतो. पुष्कळ घरांत जुन्या कॅसेटी कपाटात पडून आहेत. कुणाकडे आजोबांचं भजन आहे, कुणाकडे लग्नातली मंगलाष्टकं. मुलंबाळं म्हणतात, "चला, हे सगळं मोबाइलमध्ये घेऊ या." विचार चांगला आहे. पण घेतलेला आवाज चांगला की वाईट, हे ठरवायचं कसं? मागे जी सूंसूं ऐकू येते ती कुठून येते आणि ती काढावी की ठेवावी? याची माहिती नसल्यामुळे माझ्याच घरात एक चूक झाली. ती आधी सांगतो. आपली चूक सांगितल्याशिवाय दुसऱ्याला सल्ला देऊ नये, असं मी मानतो.

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीला. १९८८ च्या दिवाळीत मी कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून सुटीला घरी आलो होतो. मुंबईहून मामांनी सेलवर चालणारा टेप आणला होता. गावात पिठाची गिरणी आली होती, पण भरड आणि डाळ आई घरच्या जात्यावरच काढायची. एका पहाटे ती दळायला बसली आणि ओव्या म्हणू लागली. मी हळूच टेप उंबऱ्यावर ठेवला आणि लाल बटण दाबलं. अर्ध्या तासाची एक बाजू भरली. २००१ साली आई गेली. तिचा आवाज असलेली आमच्या घरात तेवढी एकच वस्तू. ती कॅसेट थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, घाटकोपरला होती.

अक्काचं घर भटवाडीत. भाऊजी माथाडी कामगार होते. आता भाचा कमावता झाला आहे. त्याने मनावर घेतलं आणि गेल्या पावसाळ्याआधी कॅसेट घेऊन तो आणि मी मेट्रोने अंधेरीला गेलो. ही घाटकोपर, अंधेरी, वर्सोवा अशी मेट्रो २०१४ सालापासून चालू आहे. पूर्वी या प्रवासाला बसमध्ये तास घालवावा लागे, तो आता वीस-पंचवीस मिनिटांत होतो. अंधेरीत एका दुकानात जुन्या कॅसेटी डिजिटल करून देतात. दुकानदाराने कॅसेट लावून पाहिली. सूंऽऽ असा आवाज आणि त्याच्यामागे आई. मीच त्याला म्हणालो, "हा मागचा आवाज तेवढा काढून टाका. अगदी साफ करून द्या." चार दिवसांनी त्याने पेनड्राइव्ह हातात दिला.

भटवाडीच्या घरात आम्ही तो लावला. खाली रिक्षा, वर पंखा, आणि घाटकोपरवरून सांताक्रूझच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं. त्या गलक्यात आईचा आवाज स्वच्छ, मोठा ऐकू आला. सूंसूंचं नाव नाही. सगळे खूश. कॅसेट आता कशाला हवी, असं भाचा म्हणालाही. पण अक्काने ती देवघराच्या कप्प्यात परत ठेवून दिली. तिचे उपकार मानायला हवेत.

गौरी-गणपतीला सगळे गावी जमलो. रात्री जेवणं झाल्यावर दिवे मालवून पडवीत बसलो आणि तेच ध्वनिमुद्रण लावलं. गावची रात्र. पाऊस थांबलेला. दहा मिनिटं झाली आणि अक्का म्हणाली, "आरं, ही आपली आई न्हवं." मी म्हणालो, "असं का म्हणतेस?" ती म्हणाली, "जातं कुठं हाय? आई बिनजात्याची कवा गायली?"

खरंच, जात्याची घरघर नव्हती. बांगड्यांचा आवाज नव्हता. ओवीची ओळ संपली की आई दम घ्यायची, तो श्वास नव्हता. दोन ओळींच्या मधे आवाज एकदम तुटायचा, जणू कुणी तोंडावर हात ठेवला आहे. आणि आईचा आवाज थोडा पाण्याखालून आल्यासारखा, बुडबुडणारा वाटत होता. घाटकोपरच्या गलक्यात यातलं काहीच आम्हाला कळलं नव्हतं. गावच्या शांततेत पाच मिनिटांत उघडं पडलं.

दुकानदाराचा यात फारसा दोष नाही. काढून टाका, असं सांगणारा मीच होतो. सरसकट तणनाशक मारायला सांगायचं आणि मग पीक जळालं म्हणून रडायचं, त्यातला हा प्रकार.

भाच्याचा एक मित्र मुलुंडला राहतो आणि अंधेरीतल्या स्टुडिओंत चित्रपट-मालिकांच्या आवाजाचं काम करतो. गणपतीनंतर आम्ही त्याच्याकडे गेलो. त्या पोराने दोन रविवार खर्च करून मला जे शिकवलं, ते आपल्या भाषेत इथे मांडतो.

सूंसूं म्हणजे काय?

पाठीवरच्या पंपाने फवारणी करताना नोझलमधून जसा आवाज येतो, तसा हा आवाज असतो. त्याला सूर नसतो, ताल नसतो. तो एकसारखा वाहतो. कॅसेटच्या फितीवर लोखंडाच्या संयुगाचे अतिशय बारीक कण चिकटवलेले असतात. ते चुंबकासारखे वागतात आणि त्यांच्या मांडणीत आवाज साठवला जातो. गाणं नसलं तरी हे कण अगदी एकसारखे मांडलेले नसतात. त्यांच्या त्या वेड्यावाकडेपणाचा आवाज म्हणजे सूंसूं. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट काढली, ती बोलणं टिपून घेण्याच्या सोयीसाठी. फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. रुंदी कमी आणि वेगही कमी, म्हणून सूंसूं जास्त. स्टुडिओतल्या मोठ्या रिळांची फीत रुंद असे आणि कितीतरी वेगाने धावे, म्हणून तिच्यात ती कमी असे.

या सूंसूंवर इलाज काढणारा माणूस आपल्याकडे राहून गेला आहे. रे डॉल्बी हे अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. पुढे १९६५ साली लंडनला त्यांनी कंपनी काढली. त्यांची युक्ती सोपी होती. मुद्रण करतानाच बारीक, उंच आवाज मुद्दाम वाढवून भरायचे आणि ऐकताना तेवढेच खाली आणायचे. ते खाली येताना फितीची सूंसूंही खाली जाते. टेपवर 'डॉल्बी' असं बटण असे ते हेच. पण लक्षात ठेवा, कॅसेट डॉल्बीने भरलेली नसेल आणि ऐकताना ते बटण दाबलेलं असेल, तर आवाज दबका आणि घोंगडीखालून आल्यासारखा येतो. जुनी कॅसेट उतरवून घेताना आधी हे बटण पाहावं.

आपल्या पिढीचे कान सूंसूंतच वाढले. सांगली केंद्रावरचे शेतकऱ्यांचे कार्यक्रम आम्ही मध्यम लहरींवर ऐकायचो. आभाळात वीज चमकली की खरखर, शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू झाली की खरखर. १९५७ साली ३ ऑक्टोबरला विविध भारती सुरू झाली आणि पुढे तिचं केंद्र बोरिवलीला आलं. तीच गाणी आता मोबाइलवर ऐकताना खरखर येत नाही. त्यामुळे झालं असं की जरा सूंसूं ऐकू आली की तरुण पोरांना वाटतं, "हे खराब आहे." आणि आवाज मोठा आणि गुळगुळीत असला की आपल्याला वाटतं, "हे चांगलं आहे." हे दोन्ही निकष चुकीचे आहेत.

डिजिटल म्हणजे काय?

पर्जन्यमापकाची नोंद आपण रोज सकाळी घेतो. किती मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा वहीत लिहितो. वर्षभराच्या आकड्यांवरून पावसाचं चित्र उभं राहतं. डिजिटल आवाज असाच आकड्यांत लिहिलेला असतो. फक्त नोंद रोज एकदा होत नाही, सेकंदाला ४४,१०० वेळा होते. १९८२ साली सीडी बाजारात आली, तिचं माप हेच. आणि प्रत्येक नोंद ६५,५३६ पायऱ्यांच्या पट्टीवर मोजलेली असते. मोजताना प्रत्येक आकडा जवळच्या पायरीवर बसवावा लागतो, त्यात बारीकशी चूक राहते. त्या चुकीचीही सूंसूं होते, पण ती फार खाली असते. सीडीवर सर्वांत मोठा आवाज आणि सूंसूं यांत सुमारे ९६ डेसिबलचं अंतर असतं. साध्या कॅसेटवर ते पन्नासच्या आसपास असतं. हा आकडा जितका मोठा, तितकी सूंसूं खोल गाडलेली.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. मोबाइलवरच्या गाण्यात सूंसूं ऐकू आली, तर ती बहुतेक वेळा त्या आकड्यांमुळे आलेली नसते. एकतर ती मुळातच फितीत होती आणि आकड्यांत तशीच उतरली, किंवा आकड्यांतून आवाज बाहेर आल्यावर पुढे स्पीकर-ॲम्प्लिफायरने ती घातली. पान पिवळं पडलं की आपण लगेच युरिया टाकतो का? आधी पाहतो, दोष बियाण्यात आहे, मातीत आहे की पाण्यात. इथेही तसंच.

दोष कुठे आहे ते शोधा

पहिली परीक्षा: थांबवून ऐका. गाणं चालू असताना मधेच थांबवा. सूंसूं तशीच चालू राहिली तर ती गाण्यात नाही, स्पीकरमध्ये किंवा ॲम्प्लिफायरमध्ये आहे. गाण्याबरोबर तीही थांबली तर ती बहुधा ध्वनिमुद्रणात आहे. बहुधा म्हणतो, कारण काही ब्लूटूथ स्पीकर गाणं थांबताच स्वतःच गप्प होतात आणि आपली फसगत होते. म्हणून दुसरी परीक्षा करावी.

दुसरी परीक्षा: अदलाबदल करा. त्याच स्पीकरवर दुसरं, चांगलं म्हणून माहीत असलेलं गाणं लावा. मग तेच जुनं ध्वनिमुद्रण दुसऱ्या स्पीकरवर किंवा वायरच्या इअरफोनवर लावा. बियाणं तेच, रान बदला. रान तेच, बियाणं बदला. दोष कुणाबरोबर जातो ते दिसतं.

तिसरी परीक्षा: आवाजाचा समतोल पाहा. पुष्कळ लोक मोबाइलचा आवाज अगदी कमी ठेवतात आणि स्पीकरचा पूर्ण वाढवतात. मग स्पीकर गाण्याबरोबर स्वतःची सूंसूंही वाढवतो. उलट करा. मोबाइलचा आवाज तीन चतुर्थांश ठेवा आणि स्पीकर बेताचा. मंदिरातल्या भोंग्यांची निम्मी तक्रार एवढ्यानेच मिटते.

चौथी परीक्षा: चार्जर काढा. सूंसूं नसून घूंऽऽ असा जाड, भुंग्यासारखा आवाज असेल तर तो विजेचा आहे. आपली वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, त्याचा तो आवाज. चार्जर काढल्यावर तो गेला तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. कटकट, चरचर असा तुटक आवाज असेल तर वायर किंवा पिन सैल आहे. आणि मोठ्या आवाजाला तो फाटत असेल तर मुद्रण करतानाच मर्यादेबाहेर भरलेला आहे. फाटलेला आवाज मागाहून पुरता सांधता येत नाही. म्हणून मुद्रण करताना आवाज थोडा कमी भरावा, पण पट्टीच्या टोकाला जाऊ देऊ नये.

जागा आणि कान

आता आमची घाटकोपरची चूक पाहा. बारीक आवाज मोठ्या आवाजाखाली झाकला जातो. रस्ता, पंखा, विमान यांच्या गलक्यात आवाजाची पारख करणं म्हणजे संध्याकाळी अंधारात पानावरचा मावा शोधणं. पारख रात्री, पंखा बंद करून, शांत खोलीत करावी. मुलुंडच्या पोराने आम्हाला रात्री अकरानंतर बसवलं ते याच कारणासाठी.

दुसरी गोष्ट कानाची. तरुण कानाला सेकंदाला वीस ते वीस हजार कंपनांपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढतं तसे वरचे, बारीक आवाज कमी होत जातात. माझी बारा वर्षांची भाची जी चिरचिर ऐकत होती, ती मला ऐकूच येईना. ट्रॅक्टर, मळणीयंत्र, इंजिन यांच्याजवळ वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचे कान तर लवकर थकतात. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तर ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते, आणि जुना ट्रॅक्टर ही मर्यादा सहज ओलांडतो. मळणीच्या दिवसांत कानात रबरी किंवा फोमचे बोळे घाला. ते थोड्या पैशांत मिळतात. आणि कुठलंच यंत्र चालू नसताना, शांत रात्री कानात सूं किंवा शिट्टी ऐकू येत असेल तर दोष मोबाइलचा नाही. ती कानाची तक्रार आहे. कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

तिसरी गोष्ट, तुलना न्यायाने करा. दोन ध्वनिमुद्रणांपैकी जे जरा मोठं वाजतं, ते आपल्याला चांगलं वाटतं. माणसाच्या कानाचा हा स्वभावच आहे. आपण दोन वाणांची तुलना करतो तेव्हा दोन्ही प्लॉटना खत-पाणी सारखं देतो की नाही? तसं दोन्हींचा आवाज आधी सारखा करा, मग ऐका. आणि कोणतं लावलं ते ऐकणाऱ्याला सांगू नका. त्या पोराने आईची एकच ओवी मला दोन प्रकारे ऐकवली. एक मूळ आकड्यांची मोठी फाइल आणि एक आटवलेली एमपीथ्री. आठ वेळा लावलं, चार वेळा मी बरोबर ओळखलं. म्हणजे मी नुसता अंदाज करत होतो. छापा-काटा केला असता तरी तेवढंच जमलं असतं. तेव्हा रोजच्या ऐकण्याला चांगली एमपीथ्री पुरते, हे मी अनुभवाने सांगतो.

मग मोठी फाइल ठेवायची कशाला? बियाणं म्हणून. एमपीथ्रीत कानाला सहसा न कळणारा भाग टाकून दिलेला असतो. तो परत मिळत नाही. त्यावर पुन्हा सफाई केली, पुन्हा आटवली, की दोष वाढत जातात. संकरित वाणाचं बी धरून दुसऱ्या वर्षी पेरल्यासारखंच ते. मूळ फाइल, जिला 'वेव्ह' म्हणतात, तिला एका तासाला एका मार्गाने साधारण ३२० एमबी जागा लागते, दोन मार्गांनी ६३५. एमपीथ्रीला सुमारे ५८ पुरतात. पण आज जागा स्वस्त आहे. आईचा आवाज पुन्हा मिळणार नाही. व्हॉट्सॲपवर पाठवतानाही ध्यान ठेवा. तिथे बोलून पाठवलेला संदेश बराच आटवलेला असतो. जपायचं ध्वनिमुद्रण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फाइल जशीच्या तशी जाते.

खुरपणी कशी करावी?

संगणक सूंसूं काढतो कशी? फितीवर जिथे नुसती सूंसूं आहे असा तुकडा त्याला दाखवायचा. तो तिची ठेवण लक्षात ठेवतो आणि तशी ठेवण जिथे सापडेल तिथे आवाज खाली दाबतो. आता गंमत पाहा. जात्याची घरघर, 'स' आणि 'श' ही अक्षरं, माणसाचा श्वास, पावसाची रिपरिप यांचीही ठेवण सूंसूंच्या जवळची असते. यंत्राला त्यात फरक कळत नाही. भाताच्या रोपात सावा उगवतो तेव्हा नवशिक्या मजुराला भात कोणता आणि सावा कोणता ते समजत नाही, तो दोन्ही उपटतो. आमच्या आईचं जातं असं उपटलं गेलं होतं.

चित्रपटवाले तर शांतताही मुद्रित करतात. चित्रीकरण झालं की सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेची अर्धा-एक मिनिट शांतता टिपून घेतात. तिला ते 'रूम टोन' म्हणतात. संवादांच्या मधल्या फटी तिने भरतात, कारण अगदी कोरी शांतता आली की प्रेक्षकाच्या कानाला काहीतरी तुटल्यासारखं वाटतं. आमच्या पडवीत अक्काला जे तुटल्यासारखं वाटलं, ते हेच.

मुलुंडला मूळ कॅसेट पुन्हा उतरवली. आधी टेपचं हेड, म्हणजे फीत ज्यावरून घासत जाते तो चकचकीत ठोकळा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून घेतला. त्यावर तपकिरी थर आला होता. मग हेडच्या कडेचा बारीक स्क्रू त्याने केसभर फिरवला आणि आवाज दारं उघडल्यासारखा मोकळा झाला. हेड फितीला काटकोनात नसेल तर बारीक आवाज मरतात, म्हणून हे करायचं. जाणकाराशिवाय हा स्क्रू फिरवू नका. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे कान मात्र तुम्हीच मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही मुद्रित होणार नाही. मोडण्याआधी आमची कॅसेट छत्तीस वर्षं तशीच उघडी होती, याचा विचार केला की अजून धडकी भरते.

मूळ फाइलला हात लावला नाही. तिच्या प्रतीवर सूंसूं थोडीशी, एक तृतीयांश म्हणा, खाली केली आणि थांबलो. सूंसूं राहिली आहे. पण जातं परत आलं. ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्येही हे जमतं. नियम एकच, काढलेला भाग वेगळा ऐकून पाहा. त्यात नुसती सूंसूं असेल तर ठीक. त्यात माणूस ऐकू आला तर तुम्ही फार काढलं.

आमचा काढलेला भाग ऐकण्यासाठी त्याने अंधेरीची साफ फाइल आणि नवी मूळ फाइल शेजारी लावल्या. शेवटच्या ओवीनंतर साफ फाइलमध्ये काहीच नव्हतं, कोरी शांतता. मूळ फाइलमध्ये ओवी संपते, जातं दोन फेरे जास्त फिरून थांबतं, आणि लांबून, अगदी हळू, आई बोलते, "झालं का रं? बंद कर आता, सेल जातील." मग खट्ट असा बटणाचा आवाज.

हे मी विसरून गेलो होतो. ओव्या ती देवाला म्हणत होती, जात्याला म्हणत होती. हे एवढंच वाक्य ती मला म्हणाली होती. सूंसूंच्या पातळीला होतं, म्हणून यंत्राने सूंसूं समजून पुसलं. अक्काने कॅसेट देवघरात ठेवली नसती तर ते कायमचं गेलं असतं.

तुमच्या घरात

आपल्या मुलखातल्या ओव्यांचं मोल जाणणारी माणसं होऊन गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून काम करत आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांना हाताशी धरून, महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतल्या बायकांच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या मदतीने पुष्कळ ओव्यांचं डिजिटल फितीवर मुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या सर्वांना ऐकता येतील अशा मांडल्या आहेत. मोबाइलवर शोधून ऐका. कदाचित तुमच्या शेजारच्या गावची ओवी सापडेल. पण तुमच्या आजीची ओवी तिथे असेलच असं नाही. ती तुम्हालाच जपायची आहे.

तेव्हा एवढं करा. घरातल्या कॅसेटी कोरड्या जागी, उभ्या आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर ठेवा. कोकणात आणि मुंबईत दमट हवेने फितीला बुरशी येते, पांढरे ठिपके दिसले तर टेपमध्ये न घालता जाणकाराला दाखवा. उतरवून घेताना दुकानदाराला सांगा, "आधी जसं आहे तसं द्या. साफ केलेलं वेगळं द्या." दोन्ही प्रती दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. फाइलला नाव, गाव, साल लिहा. आणि मूळ कॅसेट टाकू नका.

ज्यांच्या घरात म्हातारी माणसं आज बोलती आहेत, त्यांनी तर कॅसेटीची वाटही पाहू नये. मोबाइल मऊ फडक्यावर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद करा. बोलणं सुरू होण्याआधी अर्धा मिनिट घराची शांतता भरू द्या. आणि बोलणं संपल्यावर लगेच बटण दाबू नका. थोडा वेळ चालू राहू द्या. माणसं पुष्कळदा खरं ते शेवटी बोलतात.

पुढच्या खेपेला हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं बोलू. तोवर रामराम.